गड्डा झाल्यावर

रात्री दोन वाजून तेरा मिनिटांनी
नागपूरच्या कुणा बाईंनी मोरांची चादर घेतली.
मी झोपले होते.
पैसे आले, पावती फाटली
(फाटत नाही आता, नुसती उमटते),
खात्यात जमा पडली, साठ्यातून एक वजा झाली
आणि बाईंना मेल गेला :
'तुमची चादर निघाली आहे.'

चादर निघाली नव्हती.
अक्कलकोट रोडला, आमच्या पत्र्याखाली,
तिसऱ्या फळीवर घडी घालून बसली होती
आणि तिच्या कोपऱ्याला मागाच्या तेलाचा डाग होता.
तो चंद्रकला अक्काला माहीत,
कॉम्प्युटरला नाही.

सकाळी डब्यातली कडक भाकरी मोडत अक्का म्हणाली,
'निघाली म्हणे! पाय फुटले का तिला?'
मग तिने दुसरी काढली, झटकली, बांधली.
असं आम्ही रोज त्या मेलच्या मागून धावतो,
तो खरा ठरावा म्हणून.

हे सगळं जोडलं माझ्या दिराने, नरहरीने.
तीन संध्याकाळी गठ्ठ्यावर लॅपटॉप ठेवून
दुकानाला बँक, बँकेला खातं, खात्याला कुरियर,
ताण्याची तुटलेली टोकं
बोटाला थुंकी लावून सांधावीत तसं.
म्हणाला, 'वहिनी, आता तू मोकळी.'
मजकूर तेवढा माझ्याकडे दिला.
घरात तेलुगू, पण शाळा माझी मराठी.

एका दुपारी वीज गेलेली, माग गप्प,
मी तीन आठवणपत्रं लिहिली.
सातव्या दिवसाचं गोड.
पंधराव्याचं सरळ.
तिसाव्याला : 'ही शेवटची सूचना समजावी.'
लिहिताना समोर कुणाचा चेहरा नव्हता.
खरं सांगते,
वाक्य जमलं म्हणून मी खूश झाले होते.

मल्लप्पा बिराजदार, इंडीचे.
बावीस वर्षं आमचे टॉवेल नेतात.
दिवाळीआधी माल, गड्डा झाला की पैसे.
सासऱ्यांच्या वहीत त्यांच्या नावापुढे तारीख नाही,
नुसतं 'ग. झा.'
तेवढं पुरत होतं.

नातवाने फोनवर वाचून दाखवलं असणार.
मार्गशीर्षातच आले, एसटीने.
रुमालातून नोटा काढल्या, दोनदा मोजल्या,
वर चार रुपये सुटे ठेवले,
कारण सूचनेत आकडा रुपयापर्यंत चोख होता.
'शेवटची म्हणालात,' एवढंच बोलले.
मी चहा सांगितला होता.
तो आला तेव्हा ते रिक्षात बसले होते.
कपावर साय धरेपर्यंत
अक्का आणि मी त्याच्याकडे बघत राहिलो.

नरहरीला म्हटलं, यांचं वेगळं करता येईल?
त्याने चौकट उघडून दिली :
किती दिवस थांबायचं?
मी लिहिलं, गड्डा झाल्यावर.
चौकट लाल झाली.
तिला आकडाच लागतो.

गड्डा झाला. होम मैदानावरचे पाळणे उतरले,
धूळ बसली, उन्हं कडक व्हायला लागली.
इंडीहून मागणी नाही.
आणि नव्वदाव्या दिवशी, पहाटे कधीतरी,
नरहरीने तयार मजकुरातून उचललेला
एक मेल आपोआप गेला.
मला सकाळी यादीत दिसला :
'मल्लप्पा, आम्हाला तुमची आठवण येते.
परत या. दहा टक्के सूट.'

सुटीचं सोडा.
पण या एका मेलच्या मागून
आम्हाला धावावं लागलं नाही.
तो जाण्याआधीपासून खरा होता.

अक्का हात पुसत आली, 'काय म्हणतात? उत्तर?'
मी खालची बारीक ओळ वाचली,
तीही माझीच, त्याच दुपारची :
'कृपया या मेलला उत्तर देऊ नये.'